वऱ्हाडच्या खुंटीवरचे विलायती घोडे

गाविलगडाच्या तटावरून १८०३ सालच्या डिसेंबरात इंग्रजी फौजेवर ज्या बंदुका रोखल्या गेल्या, त्या खुद्द इंग्रजांनीच घडविलेल्या होत्या, असे कोणी सांगितले तर ती पारावरची बात वाटेल. पण साक्षीदार मोठा आहे. गड घेणारा जनरल आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता, ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणून जगाला माहीत झाला. त्यानेच गड पडल्यावर धाडलेल्या खलित्यात लिहून ठेवले आहे की बेनीसिंगाच्या शिपायांजवळ कंपनीच्या नव्या बंदुका आणि संगिनी होत्या. हे शिपाई सोळाच दिवस आधी, २९ नोव्हेंबरला, अडगावच्या लढाईतून निसटून गडावर चढले होते. अडगाव आजच्या अकोला जिल्ह्यातले, तेल्हारा तालुक्यातले. गाविलगड अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या कुशीला. १५ डिसेंबरला उत्तरेकडची भिंत फोडून इंग्रज आत शिरले, बेनीसिंग पडला, १७ तारखेला भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० तारखेला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. एका महिन्यात वऱ्हाडच्या मातीवर हिंदुस्थानच्या राजकारणाचा काटा फिरला, आणि त्या झुंजीत दोन्ही बाजूंना बर्मिंगहॅमचेच लोखंड धडधडत होते.

म्हणूनच वऱ्हाडातल्या एखाद्या देशमुखी वाड्यात, दसऱ्याच्या पाटावर तलवारी-जंबियांच्या रांगेत एखादे विलायती पिस्तूल दिसले, तर ते तेथे आले कसे ह्याचे मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्या पिस्तुलाच्या अंगावर त्याची सगळी जन्मपत्रिका कोरलेली असते, आणि ती वाचण्याआधीच आपण ती घासून पुसून टाकतो.

ही हत्यारे आपल्याकडे आली तरी कोणत्या वाटांनी? लढाईत हिसकावलेली काही, पळालेल्या शिपायांनी आणलेली काही, आणि व्यापाऱ्यांनी उघडपणे वा चोरून विकलेली कितीतरी. कंपनीचा माल शत्रूच्या हाती जाऊ नये अशी सक्त ताकीद असली, तरी पैसा दिसला की ताकीद विसरणारी माणसे सर्व देशांत आणि सर्व काळांत सापडतात. पिस्तुलांची आणखी एक वाट होती. गोरा अधिकारी स्वारीवर मेला की त्याचे घोडे, कपडे, घड्याळ, हत्यारे छावणीतच लिलावात निघत. इंग्लंडला परत पाठवण्यापेक्षा तेच स्वस्त. शिवाय दरबारी नजराण्यांत दुर्बीण, घड्याळ आणि पिस्तुलांची जोडी ही विलायती साहेबाची ठरलेली भेट. बंदूक ही शिपायाची, कोठारातून मिळणारी, नंबर घातलेली. पिस्तूल हे बहुतेक अधिकाऱ्याचे वा स्वाराचे, आणि अधिकाऱ्याचे असले तर त्याने स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या पसंतीच्या कारागिराकडून घेतलेले. त्यामुळे कारागिरी पाहायची असेल तर ती पिस्तुलात पाहावी.

ज्या वाचकांनी असले हत्यार कधी हातात घेतले नाही, त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगतो. आपण ज्याला ‘घोडा’ म्हणतो त्याच्या जबड्यात गारगोटीचा एक तुकडा चामड्यात दाबून धरलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गारगोटी समोरच्या पोलादी पाळीवर घासते, ठिणग्या खाली पेलीतल्या रंजकेवर पडतात आणि तो जाळ नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून आतल्या दारूला पोचतो. हे सारे वाचायला जितका वेळ लागला त्याच्या शतांशात घडते. पण घडेलच असे नाही. गारगोटी बोथट झाली, रंजक दमट झाली, वारा आला, की नुसताच फुस्स आवाज. आषाढ-श्रावणातल्या मेळघाटात हे हत्यार घेऊन फिरणाऱ्याची काय अवस्था होत असेल ह्याची कल्पना करावी! आपल्या जुन्या तोड्याच्या बंदुकीपेक्षा ते पुढचे खरे, कारण जळता तोडा हातात धरून बसावे लागत नाही आणि घोड्यावर बसून एका हाताने बार काढता येतो. पण भरवसा मात्र सगळा कारागिराच्या हाताचा. कमानी कितपत ताणलेली, गारगोटी कोणत्या कोनात बसवलेली, भोक किती बारीक पाडलेले, ह्यावर माणसाचा जीव.

हा भरवसा विकूनच लंडनचे काही कारागीर नावारूपाला आले. रॉबर्ट वॉग्डन हा त्यांतला एक. द्वंद्वयुद्धाची पिस्तुले करावीत तर त्यानेच, अशी त्याची ख्याती अठराव्या शतकाच्या अखेरीस होती. अमेरिकेत ११ जुलै १८०४ रोजी ॲलेक्झांडर हॅमिल्टनला ज्या पिस्तुलाची प्राणघातक गोळी लागली, ते वॉग्डन आणि त्याचा भागीदार बार्टन ह्यांच्याच दुकानातले. द्वंद्वाची पिस्तुले नेहमी जोडीने करीत. महागनीच्या पेटीत, हिरव्या बनातीच्या खणांत दोन पिस्तुले, मधे दारूची कुपी, गोळ्या ओतण्याचा साचा, गज. दोन्ही तंतोतंत सारखी, कारण उद्या कोणी म्हणायला नको की त्याचे चांगले होते म्हणून मी मेलो. गोऱ्या साहेबांची अब्रूची कल्पना अशी हिशेबी होती.

ह्या द्वंद्वांतले एक आपल्याशी फार जवळून निगडित आहे. १७ ऑगस्ट १७८० रोजी कलकत्त्याजवळ अलिपूरला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्याच कौन्सिलातला सभासद फिलिप फ्रान्सिस पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले. भांडणाचे मूळ कशात? मराठ्यांशी चाललेल्या लढाईत! त्या मोहिमेत आपण आडवे येणार नाही असा शब्द फ्रान्सिसने दिला आणि मग मोडला, असा हेस्टिंग्जचा आरोप. फ्रान्सिसची दारू दमट निघाली, पिस्तूल उडेना, ते पुन्हा भरावे लागले. अखेर फ्रान्सिसचा नेम चुकला आणि हेस्टिंग्जची गोळी त्याच्या कुशीत शिरली. तो वाचला, पण पुढे विलायतेला परत जाऊन त्याने हेस्टिंग्जवरच्या खटल्याला इंधन पुरवले. एक मूठ दमट दारू आणि एक बरोबर बसलेली गारगोटी, ह्यांच्यामधून इतिहास कसा अरुंद वाटेने जातो पाहा. गाविलगड घेणारा वेलस्लीही ह्या प्रकारातून सुटला नाही. २१ मार्च १८२९ रोजी, स्वतः इंग्लंडचा मुख्य प्रधान असताना, तो लॉर्ड विंचिल्सीशी द्वंद्वाला उभा राहिला. पिस्तुले आणली होती डॉक्टर ह्यूमने, आणि ती कोणासाठी आहेत हे त्या बिचाऱ्याला मैदानावर प्रधानसाहेब घोड्यावरून येताना दिसेपर्यंत ठाऊक नव्हते. वेलिंग्टनने नेम बाजूला मारला, विंचिल्सीने हवेत. दोघेही घरी जाऊन जेवले असतील.

ह्या सगळ्या कारागिरांचा मुकुटमणी म्हणजे जोसेफ मॅन्टन. त्याचा थोरला भाऊ जॉन हाही उत्तम कारागीर, लंडनच्या डोव्हर स्ट्रीटवर त्याचे दुकान. पण जोसेफ काही औरच. नळीची घडण, घोड्याची झेप, दस्त्याचा तोल ह्यांत त्याने इतके बारकावे आणले की हत्यार हातात धरले की ते आपोआप नेमावर जाई म्हणतात. पुढे ज्याचे नाव जगभर गाजले तो जेम्स पर्डी त्याच्याच कारखान्यात काम करून शिकला, आणि मॅन्टन नसता तर आम्ही सारे नुसते लोहार राहिलो असतो, असे त्याने म्हटल्याचे सांगतात. एवढ्या गुणी माणसाची अखेर मात्र आपल्याकडच्या एखाद्या कलावंतासारखीच झाली. सरकारी तोफखात्याशी पेटंटांवरून भांडणे, कोर्टकचेऱ्या, खर्चीक प्रयोग. १८२६ साली दिवाळे निघाले आणि १८३५ साली तो गेला. कारागिराने कोर्टाची पायरी चढू नये असे आपले वडीलधारे सांगत, ते विलायतेलाही लागू होते तर!

मात्र नळीवर ज्याचे नाव सोन्याने भरले आहे त्यानेच ते पिस्तूल पहिल्यापासून शेवटपर्यंत केले, असे समजू नये. लंडनच्या पुष्कळ नावांच्या पाठीमागे बर्मिंगहॅम आणि भोवतालच्या गावांचे घाम गाळणारे हात होते. नळी ठोकणारा वेगळा, ती आतून कातणारा वेगळा, घोड्याची कळ घडवणारा वेगळा, कमान तावणारा वेगळा, लाकूड तासणारा, नक्षी कोरणारा वेगळा. एकेका गल्लीत एकेक काम. अर्धवट माल पाटीत घालून पोरे ह्या घरातून त्या घरात पळत. आपल्याकडे विणकराच्या मागावर येण्याआधी सूत जसे दहा घरे फिरते, तसाच प्रकार.

नळीच्या लोखंडाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. सर्वांत उत्तम नळी कशाची करीत? घोड्यांच्या नालांच्या झिजलेल्या खिळ्यांची! रस्त्यावर हजारो कोस ठोकर खाऊन त्या खिळ्यांचे लोखंड इतके चिवट झालेले असे, की ते गोळा करून, तापवून, एकत्र ठोकून त्याची पट्टी करीत आणि ती एका दांड्याभोवती दोरासारखी गुंडाळून पुन्हा ठोकीत. मग तेजाबाने धुतले की नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. गंमत अशी की पट्ट्या पिळून नळी घडवण्याची ही विद्या पूर्वेकडची. हिंदुस्थानातले आणि तुर्कस्तानातले कारागीर अशा नळ्या आधीपासून करीत होते आणि इंग्रजांनी ती मागाहून उचलली. तेव्हा साहेबाच्या कमरेची ती लहरेदार नळी पाहून आपला एखादा जुना लोहार मनात हसला असेल.

बर्मिंगहॅमच्या ह्या धंद्यातले एक घराणे गॅल्टनांचे. ते क्वेकर पंथाचे, म्हणजे हिंसा वर्ज्य मानणारे, आणि पिढ्यान्‌पिढ्या बंदुका विकून गबर झालेले. १७९५ साली पंथाच्या मंडळींनी सॅम्युएल गॅल्टनाला जाब विचारला. त्याने उत्तर दिले ते असे, की हा धंदा मला वारसाहक्काने मिळाला आहे, आणि शस्त्र करणारा हा ते वापरणाऱ्याच्या पापाचा धनी नव्हे. पंथाने पुढच्याच वर्षी त्याला वाळीत टाकले. मला त्या पंचांचा निवाडा पटतो. पण आपल्याकडच्या किती जातपंचायतींनी आपल्यातल्या धनवंताला असे बाहेर काढले असते, हाही प्रश्न मनात येतो. ह्याच गॅल्टनाचा नातू फ्रान्सिस गॅल्टन, बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राचा एक जनक. आजोबा बंदुका विकायचा आणि नातवाच्या विद्येने त्या चालवणारे पकडले जाऊ लागले!

आता एका पाद्र्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वऱ्हाडातल्या बहुतेक पिस्तुलांवर आज जो घोडा दिसतो तो त्याच्यामुळे आहे. स्कॉटलंडातल्या बेलहेल्वी गावचा पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ पक्ष्यांची शिकार करी. पेलीतली रंजक भपकन पेटली की तो उजेड पाहूनच पक्षी उडून जात किंवा पाण्यात बुडी मारीत, आणि गोळी मागाहून पोचे. त्याने घाव बसताच पेट घेणारे स्फोटक वापरून गारगोटीच काढून टाकली. १८०६ साली त्याला लंडनच्या टॉवरमध्ये बोलावून प्रयोग करायला जागा देणारा तोफखात्याचा प्रमुख होता लॉर्ड मॉयरा. लवकरच मॉयरा पायउतार झाला, नव्या साहेबाने पाद्रीबुवांना गाशा गुंडाळायला सांगितले, आणि त्यांनी १८०७ साली स्वतःच पेटंट घेतले. हा लॉर्ड मॉयरा वाचकांच्या ओळखीचा आहे, फक्त दुसऱ्या नावाने. तोच पुढे गव्हर्नर जनरल होऊन मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाला. सीताबर्डीची लढाई, आप्पासाहेब भोसल्यांची पदच्युती, पेशवाईची अखेर, हे सारे त्याच्याच कारकिर्दीतले.

फॉर्साइथच्या शोधातून १८२० नंतर तांब्याची इवलीशी टोपी आली. नळीच्या बुडाशी एक बोंडी, तिच्यावर टोपी चढवायची, घोडा हातोडीसारखा तिच्यावर आदळला की बार. आपल्याकडे गावोगाव जी ‘ठासणीची बंदूक’ म्हणून ओळखली जाते तिचे हेच तंत्र. टोपी आली तशी जुनी गारगोटीची हत्यारे टाकून देण्याऐवजी लोक ती बदलून घेऊ लागले. पेली काढली, तिच्या खिळ्यांची भोके बुजवली, बोंडी बसवली, घोडा बदलला. त्यामुळे आज एखादे पिस्तूल टोपीचे दिसले म्हणून ते १८२० नंतरचेच आहे असे म्हणता येत नाही. कळीच्या पट्टीवर बुजवलेली भोके आहेत का ते आधी पाहावे लागते.

हे सगळे प्रत्यक्ष कसे उपयोगी पडते ते एका उदाहरणाने सांगतो. दर्यापूरकडच्या एका जुन्या वाड्यात, सपरीतल्या बंगईवर बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला त्यांच्याकडचे पिस्तूल दाखवले. लांब नळी, पितळेची बुडखी, दस्ता हाताच्या घामाने काळा पडलेला.

“हे गाविलगडावरचं हाय भाऊ,” ते म्हणाले. “आमच्या खापरपणज्यानं गोऱ्याच्या हातातून हिसकलं. दर दसऱ्याले पहिला मान याचा.”

मी ते उजेडात धरले. घोडा टोपीचा होता, पण कळीच्या पट्टीवर बुजवलेली भोके स्पष्ट दिसत होती. म्हणजे मूळचे गारगोटीचे, गाविलगडाच्या काळाला जुळणारे. माझी उत्सुकता वाढली. कंपनीची हत्यारे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. आधी तिच्या कळीच्या पट्टीवर हृदयाच्या आकाराची मोहोर असे, आत चार खाने आणि त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरे. १८०८ पासून ती मोहोर गेली आणि तिच्या जागी मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह आला. हृदय निघाले असते तर आबाजींची कथा खरी ठरण्याचा संभव होता. भिंगाखाली पाहिले तर झिजलेला, अर्धामुर्धा, पण निःसंशय सिंहच. नुसता पाठीचा बाक, शेपटीचा झुबका आणि मुकुटाची कड उरली होती.

“आबाजी, हे पिस्तूल गाविलगड पडल्यावर निदान पाच वर्षांनी घडलेले आहे.”

ते काही वेळ बंगईची कडी धरून बसले. मग म्हणाले, “मंग आमच्या पणज्यानं खोटं सांगतलं काय?”

तसे मला वाटत नव्हते, आणि मी तसे सांगितलेही. घरात गाविलगडावरचे एखादे हत्यार असेलही. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय हत्यार ठेवणे गुन्हा झाला, आणि त्या उलथापालथीत कितीतरी घरांतली हत्यारे जमा झाली, पुरली गेली, विहिरीत पडली. पुढे कोणी वारसाने त्याच खुंटीवर दुसरे पिस्तूल टांगले असेल आणि गोष्ट मात्र खुंटीला चिकटून राहिली असेल. परतवाड्याच्या छावणीत फौज असे, तेथल्या एखाद्या लिलावातून ते आले असणे काही अशक्य नाही.

आबाजींनी मग जो प्रश्न विचारला तो मला फार मोलाचा वाटला. “मंग हे कोनाचं?”

त्याचे उत्तर पिस्तुलावर एकेकाळी होते. फौजी पिस्तुलाच्या पितळी बुडखीवर किंवा नळीवर बहुधा पलटणीची अक्षरे आणि नंबर कोरलेला असतो; त्यावरून ते कोणत्या फौजेचे हे ठरवता येते. ह्या बुडखीवर बोट फिरवले की कोरीव रेघांचा नुसता भास होत होता. चिंच आणि विटकरीची पूड घेऊन दर दसऱ्याला लख्ख करण्याची त्या घराची रीत, आणि मान पहिला म्हणून घासणेही सर्वांत कसून! आणखी पाचदहा दसरे गेले असते तर सिंहही गेला असता, आणि मग ते गाविलगडचे की नंतरचे हेही कोणाला सांगता आले नसते.

आपली ही घासण्याची हौस किती महाग पडते हे कळण्यासाठी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जुन्या इंग्रजी पिस्तुलाची नळी तपकिरी असते. आपल्याला तो गंज वाटतो. आहेही तो गंजच, पण कारागिराने मुद्दाम चढवलेला. चकाकणारी नळी उन्हात डोळ्यांत खुपते, नेम धरता येत नाही, शत्रूला लांबून दिसते. म्हणून तेजाब आणि क्षार ह्यांचे पाणी नळीला लावून, दमट जागी ठेवून, तो गंज ब्रशाने बसवून, पुन्हा पाणी लावून, असे कित्येक दिवस करीत ती गडद, मखमली तपकिरी झाक आणीत. मॅन्टनच्या कारखान्यातल्या माणसाने एवढ्या निगुतीने चढवलेली ती साय आपण एका सकाळी नारळाच्या शेंडीने काढून नळी चांदीसारखी करतो आणि वर म्हणतो, पाहा कशी नव्यासारखी झाली! तिच्याबरोबर खिळ्यांच्या लोखंडाची ती लहरही जाते आणि कारागिराचे नावही.

नाव उरले असले तरी ते डोळे झाकून मानू नये. मॅन्टनची कीर्ती अशी की त्याच्या नावाचा खोटा माल त्याच्या हयातीपासून पुढे शंभर वर्षे निघत राहिला. बेल्जममधल्या लिएज शहराने स्वस्त बंदुकांवर ‘जो मॅन्टन’ कोरून त्या जगभर पाठवल्या. खुद्द जोसेफ आपल्या मालावर स्वतःला ‘जो’ म्हणवीत नव्हता, हेही त्यांना ठाऊक नसावे. मॅन्टन नावाचे दुकान कलकत्त्यात १८२५ च्या सुमारास निघाले आणि विसाव्या शतकातही चालू होते, त्यामुळे हिंदुस्थानात ह्या नावाचा बोलबाला अधिकच. शिवाय बिहारातले मुंगेर. मीर कासीमने १७६० च्या दशकात तेथे शस्त्रशाळा उभारली, आणि तेव्हापासून तेथल्या कारागिरांनी विलायती हत्यार हुबेहूब उतरवण्यात अशी तरबेजी मिळवली की नक्कल शोधायची तर अक्षरेच पाहावी लागतात. परकी लिपीत एखादे अक्षर उलटे पडते. मला तर अशा मुंगेरी ‘मॅन्टन’चाही अभिमान वाटतो, फक्त ते मुंगेरचे म्हणून मानाने ठेवावे.

वाड्यातल्या पिस्तुलावर ‘टॉवर’ असे कोरलेले असेल तर ते कारागिराचे नाव नव्हे. लंडनच्या टॉवर किल्ल्यात सरकारी शस्त्रकोठार होते, तेथला तो शिक्का. जवळच मुकुट आणि ‘जी आर’ म्हणजे राजा जॉर्ज. मुकुटाखाली ‘जी पी’ आणि ‘व्ही’ अशा दोन छोट्या मोहरा नळीच्या बुडाशी दिसल्या तर नळी लंडनच्या कारागिरांच्या संघाने जास्तीची दारू भरून कसोटीला लावलेली आहे. एकमेकांना छेद देणारे दोन राजदंड आणि वर मुकुट असेल तर ती बर्मिंगहॅमच्या कसोटीची असू शकते, आणि तशी असली तर १८१३ नंतरची, कारण तेथले कसोटीघर त्या साली कायद्याने निघाले. दोन जाडजूड नळ्यांचे, मनगट दुखवणारे ठेंगणे पिस्तूल असेल तर ते शिकारी साहेबाचे. वाघाने हत्तीवर झेप घेतली की हौद्यातून जवळून बार टाकायला ते करीत. मेळघाटाच्या डोंगरउतारावर हत्तीपेक्षा मचाणच सोयीचे, पण साहेबाबरोबर सामान मात्र सगळे येई.

आता कायद्याचे दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या पद्धतीची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा मोडकी हत्यारे सूटीत धरली आहेत, पण केव्हा? तर ती दुरुस्त करूनही झाडता येण्यासारखी उरली नसतील तेव्हाच. घोडा पडतो, नळी धड आहे, असे पिस्तूल ‘आजोबांचे आहे हो’ म्हणून सुटत नाही. तेव्हा शंका असेल त्याने जिल्हाधिकारी कचेरीत लेखी विचारून घ्यावे. शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याची बंदी आहे, त्यामुळे मुंबईच्या दलालाने परदेशातल्या भावाची भुरळ घातली तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. घरात सांभाळणे जमत नसेल तर नागपूरच्या अजब बंगल्यात शस्त्रांचे दालन आहे. १८६३ सालची ती संस्था आपल्या वऱ्हाडकरांना फार लांब नाही. सांभाळायचे असेल तर चिंच, राख, विटकर, नारळाची शेंडी ह्यांतले काही लावू नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे आणि यंत्राचे पातळ तेल चार थेंब. भिंगाने पाहून जेवढी अक्षरे आणि मोहरा दिसतील तेवढ्यांचे जवळून फोटो काढून ठेवावेत, आणि घरात जी गोष्ट सांगतात तीही, खरी-खोटी न ठरवता, त्या फोटोंबरोबर कागदावर उतरवावी.

पण ह्या सर्वांच्या आधी एक काम करावे. जुनी ठासणीची हत्यारे कधीकधी भरलेली सापडतात. कोणी तरी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बार भरला, तो काढायचा राहिला, आणि काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेटते. नळीचे तोंड कोणाकडे नाही हे पाहून, एक लाकडी काठी तळ लागेपर्यंत आत सोडावी आणि तोंडापाशी तिच्यावर खूण करावी. मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. काठीचे टोक बुडाच्या भोकापर्यंत पोचले तर नळी रिकामी. दोन-तीन बोटे अलीकडेच राहिले तर आत काही तरी आहे असे समजून ते खणायला जाऊ नये, जाणकाराच्या किंवा पोलिसांच्या हवाली करावे. दसऱ्याच्या पाटावर त्याच भोकाशेजारी आपण निरांजन ठेवतो आणि पोरेबाळे भोवती बसलेली असतात.